क्रीटचा ड्यूक राजा का झाला नाही?

विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. बहमनी सुलतानांनी नेमलेले तर्फदार, म्हणजे प्रांतांचे अधिकारी, १४९० च्या सुमारास एकामागून एक स्वतंत्र झाले आणि जुन्नर-अहमदनगर, विजापूर, वऱ्हाड इथे नवी राज्यं उभी राहिली. त्याच शतकांत व्हेनिस आणि जिनोआ ही इटलीतली नगरराज्यं आणि पोर्तुगाल यांचेही समुद्रापलीकडे मुलूख होते आणि तिथेही नेमलेली माणसंच राज्य करत होती. मग ती माणसं राजे का झाली नाहीत? आणि पोर्तुगीजांनी पुढे गोव्यात जी गव्हर्नरची पद्धत आणली, ती त्याच जातीची होती का?

उत्तर मी मुख्यतः ग्रीसच्या दक्षिणेकडच्या क्रीट बेटाच्या आधाराने देतो. माझं काम या बेटाच्या व्हेनिसकालीन कागदांवर झालेलं आहे, आणि वसाहतीच्या कारभाराचा इतका दीर्घ आणि इतका कागदोपत्री टिकलेला नमुना मला त्या काळात दुसरा दिसत नाही. तेराव्या शतकाच्या सुरुवातीपासून १६६९ पर्यंत व्हेनिसने हे बेट राखलं. तिथे ठरावीक मुदतीने नवा ड्यूक यायचा आणि जुना परत जायचा. या साडेचारशे वर्षांत एकाही ड्यूकने बेट स्वतःच्या नावावर करून घेतलं नाही. बंडं मात्र भरपूर झाली. ती कोणी केली हे पाहिलं तर अर्धं उत्तर तिथेच मिळतं.

चौथ्या क्रूसेडच्या, म्हणजे ख्रिस्ती धर्मयुद्धाच्या, सैन्याने १२०४ मध्ये कॉन्स्टँटिनोपल (आजचं इस्तंबूल) घेतलं, तेव्हा क्रीटवरचा हक्क त्या सैन्याचा एक नेता, माँफेर्राचा बोनिफेस, याच्याकडे होता. त्याने तो त्याच वर्षी ऑगस्टमध्ये व्हेनिसला १,००० मार्क चांदीला विकला. हक्क विकत मिळाला, पण बेट काही लगेच ताब्यात आलं नाही. माल्टाचा काउंट एन्रिको पेस्कातोरे हा जिनोआचा माणूस १२०६ मध्ये तिथे येऊन बसला आणि त्याला हुसकावून लावायला व्हेनिसला काही वर्षं झगडावं लागलं.

या पहिल्या धामधुमीत व्हेनिसला दोन अनुभव आले. पुढची सगळी व्यवस्था मला त्या दोन अनुभवांतून घडलेली दिसते. डोज म्हणजे व्हेनिसचा निवडून दिलेला प्रमुख. एन्रिको दांदोलो हा वृद्ध डोज १२०५ मध्ये कॉन्स्टँटिनोपललाच वारला. तिथल्या व्हेनिशियन लोकांनी मायदेशाच्या आज्ञेची वाट न पाहता मारिनो झेनोला आपला पोदेस्ता, म्हणजे नगरप्रमुख, निवडलं. झेनोने ‘रोमन साम्राज्याच्या पाव आणि अर्ध्या पाव भागाचा स्वामी’ अशी पदवी लावायला सुरुवात केली. व्हेनिस सावध झालं आणि यापुढे पोदेस्ता मायदेशातूनच येईल असं ठरवून घेतलं. दुसरा अनुभव दांदोलोच्याच भाच्याचा, मार्को सानुदोचा. त्याने स्वतःची माणसं आणि गलबतं जमवून नॅक्सोस आणि आजूबाजूची बेटं जिंकली आणि तिथे तो स्वतः ड्यूक झाला. निष्ठा वाहिली ती व्हेनिसला नाही, तर क्रूसेडवाल्यांनी कॉन्स्टँटिनोपलला बसवलेल्या लॅटिन सम्राटाला. १२१२ मध्ये क्रीटवर हागिओस्तेफानितेस घराण्याने उठाव केला तेव्हा व्हेनिसचा पहिला ड्यूक जाकोमो तिएपोलो याने याच सानुदोला मदतीला बोलावलं. सानुदो आला आणि तिएपोलोशी बिनसल्यावर त्याने कँडिया शहरच ताब्यात घेतलं. कँडिया म्हणजे आजचं हेराक्लिओन. तिएपोलोला बाईचा वेश घेऊन शहरातून निसटावं लागलं अशी हकिकत आहे. शेवटी व्हेनिसची कुमक आली आणि तडजोड करून सानुदोला बाहेर काढलं गेलं.

म्हणजे आपल्याच रक्ताचा, आपलीच भाषा बोलणारा कर्तबगार माणूस दूरच्या मुलखात गेला की काय करू शकतो, हे व्हेनिसने सुरुवातीलाच पाहिलं. जिनोआच्या शत्रूइतकीच भीती त्यांना आपल्या हुशार पोरांची वाटली. ही भीती योग्य होती असं माझं मत आहे.

तेव्हा क्रीटचा ड्यूक कसा घडवला गेला ते पाहू. व्हेनिसची महापरिषद, म्हणजे तिथल्या सरदार घराण्यांची सभा, त्याला निवडायची आणि मुदत दोन वर्षांची असायची. निघताना त्याच्या हातात एक लेखी आज्ञापत्र दिलं जायचं. त्यात पगार, बरोबरचा लवाजमा आणि अधिकारांच्या मर्यादा नोंदलेल्या असत. व्यापार करायचा नाही, नजराणे स्वीकारायचे नाहीत, अशी बंधनं शपथेवर घातली जात. त्याच्याबरोबर दोन सल्लागार जायचे, तेही व्हेनिसनेच निवडलेले. ड्यूक आणि दोन सल्लागार मिळून जे मंडळ व्हायचं, त्याच्या नावाने हुकूम निघत. सल्लागारांना डावलून ड्यूकला महत्त्वाचं काही करता येत नसे. ड्यूक वारला तर सल्लागारांपैकी एक जण नवा ड्यूक येईपर्यंत काम पाही. खजिना वेगळ्या अधिकाऱ्यांकडे असे, म्हणजे पैशाची किल्ली ड्यूकच्या कमरेला नव्हती. बेटावरच्या खानिया आणि रेथिम्नो या शहरांत वेगळे रेक्टर, म्हणजे शहराचे कारभारी, नेमले जात. पुढे लष्करासाठी ड्यूकच्या शेजारी स्वतंत्र कॅप्टनही आला.

हे सगळं खुद्द व्हेनिसच्या प्रतिकृतीसारखं आहे हे लक्षात घ्यावं. तिथल्या डोजलाही सहा सल्लागार होते आणि गादीवर बसताना त्यालाही लांबलचक लेखी वचन द्यावं लागे. १३५५ मध्ये मारिनो फालिएरो या डोजने सत्ता आपल्या एकट्याच्या हाती घेण्याचा कट केला तेव्हा त्याचा शिरच्छेद झाला. जे शहर आपल्या प्रमुखालाही मोकळं सोडत नव्हतं, ते समुद्रापलीकडच्या अधिकाऱ्याला कसं सोडणार? क्रीटच्या ड्यूकवरची बंधनं वसाहतीसाठी मुद्दाम शोधून काढलेली नव्हती. घरातली शिस्तच गलबतावर चढवून पाठवलेली होती.

मुदत संपली की हिशेब सुरू व्हायचा. व्हेनिसमध्ये आव्होगादोरी नावाचे सरकारी वकील अशा अधिकाऱ्यांवर खटले भरत. चौदाव्या शतकात सिंदिची नावाचे तपासनीसही पूर्वेकडच्या मुलखात फिरू लागले. ते गावोगावच्या तक्रारी ऐकत, वह्या तपासत. त्याहूनही परिणामकारक गोष्ट म्हणजे बेटावरच्या लोकांना, निदान त्यांतल्या वजनदार गटांना, ड्यूकच्या डोक्यावरून थेट व्हेनिसला शिष्टमंडळ पाठवता येई. जहागीरदार पाठवत, कँडियातले ज्यू पाठवत. आपल्या विरोधात कोण काय घेऊन चाललं आहे हे ड्यूकला किनाऱ्यावर उभं राहून पाहावं लागे.

पण नुसत्या बंधनांनी माणूस आवरला जात नाही. त्याला परत जाण्यात फायदा दिसावा लागतो, आणि व्हेनिसच्या यशाचं खरं कारण मला इथे सापडतं. तिएपोलो क्रीटनंतर कॉन्स्टँटिनोपलला पोदेस्ता झाला. तिथे १२१९ मध्ये त्याने निकेआचा ग्रीक सम्राट लास्कारिस याच्याशी आणि पुढच्या वर्षी सेल्जुक सुलतानाशी तह केले, आणि १२२९ मध्ये तो व्हेनिसचा डोज झाला. बाईच्या वेशात पळालेला माणूस वीस वर्षं डोजच्या खुर्चीत बसला. क्रीटला जाणाऱ्या प्रत्येक सरदारासमोर हा रस्ता होता. त्याचं घर व्हेनिसमध्ये होतं, भाऊबंद महापरिषदेत होते, मुलींची लग्नं तिथेच व्हायची होती आणि भांडवल तिथल्याच व्यापारात अडकलेलं होतं. क्रीटचा राजा होऊन त्याला जे मिळालं असतं, त्याहून जास्त त्याला तिकडे गमवावं लागलं असतं.

आता हे बहमनी तर्फदाराशेजारी ठेवून पाहा. तर्फदाराकडे फौज होती, त्या फौजेचा खर्च भागवणारा महसूल होता आणि किल्लेही त्याच्याच हुकुमतीत होते. बदलीची ठरलेली मुदत नव्हती. त्याची मुलं त्याच मुलखात वाढत आणि बापाच्या जागेवर डोळा ठेवत. बहमनी वजीर महमूद गावानला हा धोका दिसला होता. त्याने चार तर्फांचे आठ भाग केले, प्रत्येक तर्फेत एकच किल्ला तर्फदाराकडे ठेवून बाकीच्या किल्ल्यांवर सुलतानाचे थेट किल्लेदार नेमले आणि काही जमीन सरकारी खालसात घेतली. विचार अगदी नेमका होता, आणि अंतर मोजायला समुद्र नसताना केलेला होता. पण १४८१ मध्ये खोट्या पत्राच्या आधाराने त्याला मारण्यात आलं, आणि नऊ वर्षांत मलिक अहमद, युसूफ आदिलखान आणि फतेहउल्ला इमादुलमुल्क आपापल्या जागी मोकळे झाले. त्यांच्यात लोभ जास्त आणि व्हेनिशियनांत निष्ठा जास्त, असं काही नव्हतं. बीदरला, म्हणजे सुलतानाच्या राजधानीला, परत जाण्यात त्यांना जीवाचा धोका होता. व्हेनिसला परत जाण्यात ड्यूकला फार तर खटल्याचा धोका होता. गावानने किल्ले वाटले, पण सुरक्षित परतीचा रस्ता देणं त्याच्या हातात नव्हतं. तो खुद्द त्यालाच मिळाला नाही.

ड्यूक असा नखं काढलेला होता म्हणून तो नुसता कारकून होता असं समजू नये. व्हेनिसहून कँडियाला निरोप जायला अनुकूल हवेतही तीन-चार आठवडे लागत, आणि हिवाळ्यात समुद्र जवळजवळ बंद असे. त्या काळात ड्यूकचं मंडळच सरकार असायचं. अनातोलियाच्या, म्हणजे आजच्या तुर्कस्तानच्या, किनाऱ्यावर मेंतेशे आणि आयदिन ही तुर्की अमिराती होती. त्यांची गलबतं बेटांवर छापे घालत, माणसं पळवत, आणि तिथूनच धान्य, घोडे आणि गुलाम क्रीटला येत. अशा शेजाऱ्यांशी तह करायचं काम ड्यूक करत. १३३१ मध्ये मारिनो मोरोसिनीने मेंतेशेशी केला, १३३७ मध्ये जोवान्नी सानुदोने दोन्ही अमिरातींशी केला, १४०३ मध्ये मार्को फालिएरने पुन्हा मेंतेशेशी केला. व्यापाऱ्यांवर किती जकात, पळून गेलेल्या गुलामाचं काय, बुडालेल्या गलबताच्या मालावर हक्क कोणाचा, असे व्यवहाराचे तपशील या तहांत असतात. युद्ध आणि व्यापार एकाच वेळी चालू ठेवायची ही कसरत मला त्या अधिकाऱ्यांच्या कामातला सर्वांत कसबाचा भाग वाटते.

आता बंडांकडे येऊ. १२११ मध्ये व्हेनिसने क्रीटवर आपले लोक वसवायचं ठरवलं. बेटाचे सहा विभाग पाडले आणि त्यांना व्हेनिसच्याच सहा पेठांची नावं दिली. घोडेस्वारी सेवेच्या आणि पायदळ सेवेच्या बदल्यात जमिनी वाटल्या. या जमिनी वंशपरंपरागत होत्या. हे वसाहतवाले जहागीरदार, त्यांची मुलं, नातवंडं तिथेच राहिली. त्यांच्या जमिनी कसणारे ग्रीक शेतकरी जमिनीला बांधलेले होते. मराठी वाचकाला यात वतनदार आणि सुभेदार यांचं नातं चटकन दिसेल. सुभेदाराची बदली होते, वतनदार गावात राहतो. कोणत्या ओढ्याला पाणी कधी येतं, कोणत्या खोऱ्यात कोणाचं वैर आहे, हे वतनदाराला माहीत असतं आणि सुभेदाराला विचारावं लागतं.

ड्यूकला राजा होऊ न देण्याची किंमत नेमकी हीच होती. दोन वर्षांत ग्रीक भाषाही शिकून होत नाही. बेटाचं ज्ञान साठायचं ते कचेरीतल्या लेखकांकडे, नोटरींकडे, दुभाष्यांकडे आणि या जहागीरदारांकडे. नवा ड्यूक आला की त्याला बेट समजावून सांगणारे हेच लोक असत, आणि ते आपल्या सोयीने समजावत. वसाहतींच्या इतिहासात गव्हर्नरांच्या याद्या पाठ करणाऱ्यांना माझं एवढंच सांगणं असतं की, यादीतली नावं बदलत असतात, म्हणून न बदलणाऱ्या नावांचा शोध घ्या.

तेराव्या शतकातले बहुतेक उठाव जुन्या ग्रीक सरदार घराण्यांचे होते. त्यातला सर्वांत मोठा अलेक्सियोस कालेर्गिसचा, १२८० च्या दशकापासून १२९९ पर्यंत चाललेला. व्हेनिसला त्याला हरवता आलं नाही. शेवटी तह झाला. कालेर्गिसला जमिनी आणि मान मिळाला, ग्रीक आणि लॅटिन लोकांमधल्या विवाहाची मोकळीक मिळाली. ड्यूकच्या दोन वर्षांच्या घड्याळाने असा माणूस संपत नाही. तो एक ड्यूक जाईपर्यंत डोंगरात वाट पाहतो आणि दुसऱ्याशी नव्याने बोलणी सुरू करतो.

पण व्हेनिसला मुळापासून हादरवलं ते १३६३ च्या बंडाने, आणि ते ग्रीकांनी सुरू केलं नव्हतं. कँडियाच्या बंदराच्या दुरुस्तीसाठी सेनेटने जहागीरदारांवर नवा कर बसवला. ऑगस्टमध्ये तो जाहीर झाल्यावर जहागीरदार म्हणाले, आमची माणसं व्हेनिसला जाऊन आमचं म्हणणं मांडू देत. ड्यूक लिओनार्दो दांदोलोने नकार दिला. आज्ञा व्हेनिसची होती आणि ती बदलायचा त्याला अधिकार नव्हता हे खरं, पण तक्रारीची वाट अडवणं ही त्याची चूक होती असं मी ठामपणे म्हणेन. जी झडप वाफ सोडायला ठेवली होती, ती त्याने ऐन वेळी दाबून धरली. जमाव वाड्यावर चालून गेला, ड्यूक आणि त्याचे सल्लागार कैदेत पडले. बंडवाल्यांची नावं पाहा: ग्रादेनिगो, वेनिएर. व्हेनिसच्या महापरिषदेत याच आडनावांची माणसं बसत होती. त्यांनी मार्को ग्रादेनिगो या वयस्क जहागीरदाराला आपला प्रमुख केलं, व्हेनिसचा, म्हणजे संत मार्कचा, झेंडा उतरवून बेटाचे संत तितुस यांचा झेंडा चढवला आणि ज्या ग्रीकांना पुरोहित व्हायचं असेल त्यांना मोकळीक जाहीर केली. व्हेनिसच्या राजवटीत बेटावर ऑर्थोडॉक्स बिशप राहू दिले जात नसत, दीक्षा घ्यायला बेटाबाहेर जावं लागे, म्हणून ही मोकळीक फार मोठी होती. दीडशे वर्षांत वसाहतवाल्यांच्या घरात ग्रीक आया, ग्रीक दाया, ग्रीक बोली शिरली होती. संकटात त्यांनी हात पुढे केला तो त्या बाजूला.

व्हेनिसने आधी शिष्टमंडळं पाठवून पाहिली. ती परत आली. मग पोप, बायझंटाइन सम्राट, जिनोआ अशा सगळ्यांना निरोप गेले की बंडवाल्यांना मदत करू नका. वेरोनाचा भाडोत्री सेनानी लुकिनो दाल वेर्मे याला नेमलं. आरमार १० एप्रिल १३६४ ला व्हेनिसहून निघालं, मेच्या पहिल्या आठवड्यात क्रीटला लागलं आणि १० मेच्या सुमारास कँडिया पडलं. बातमी ४ जूनला व्हेनिसला पोहोचली. त्या दिवशी कवी पेत्रार्क आपल्या घराच्या खिडकीत उभा होता. हिरव्या फांद्यांनी सजलेलं गलबत बंदरात शिरताना त्याने पाहिलं आणि पुढच्या उत्सवाचं, संत मार्कच्या चौकातल्या घोडेस्वारांच्या खेळांचं वर्णन पत्रात लिहून ठेवलं. म्होरक्यांना देहान्त शिक्षा झाल्या, जमिनी जप्त झाल्या. डोंगरात कालेर्गिस बंधूंचा ग्रीक उठाव आणखी तीनेक वर्षं धगधगत राहिला.

या लढ्याचा भार शेवटी कोणावर पडला हे सांगितल्याशिवाय मला पुढे जाववत नाही. पूर्वेच्या डोंगरात लासिथी नावाचं पठार आहे, सपाट, काळ्या मातीचं, धान्याचं कोठार. बंडखोरांना तिथे आसरा आणि अन्न मिळतं म्हणून व्हेनिसने ते रिकामं करवलं आणि तिथे नांगर धरायला किंवा जनावरं चारायला कडक शिक्षेचा धाक घालून बंदी केली. अशी बंदी तेराव्या शतकातही घातलेली होती, बंडानंतर ती पुन्हा लादली. पंधराव्या शतकात तुर्कांशी युद्ध पेटून व्हेनिसला धान्य कमी पडू लागलं, तेव्हा कुठे जमीन परत लागवडीला खुली झाली. नखं काढलेल्या ड्यूकच्या सहीनेच हे हुकूम अमलात आले. सत्ता तीन माणसांत वाटल्याने वरचा माणूस बेलगाम होत नाही, पण खालच्या माणसाला न्याय मिळतोच असं नाही. ज्या शेतकऱ्याला शिष्टमंडळ पाठवण्याची ऐपत नव्हती, त्याच्यासाठी ड्यूक दोन वर्षांचा की वीस वर्षांचा, याने फारसा फरक पडला नाही.

जिनोआचं थोडक्यात. जिनोआने काळ्या समुद्राच्या किनाऱ्यावर, क्रिमियात, कफा हे मोठं नगर वसवलं. १३१३ मध्ये तिकडच्या कारभारासाठी जिनोआत खास कचेरी निघाली. कफाचा कॉन्सल, म्हणजे तिथला मुख्य अधिकारी, एकाच वर्षासाठी असे आणि पायउतार झाल्यावर त्याच्या कारभाराची चौकशी होई. १४४९ च्या नियमावलीत कारभाराचे बारीकसारीक तपशील लिहिलेले आहेत. राजा तिथेही कोणी झाला नाही. पण एक वर्ष म्हणजे फारच थोडं. आलेला माणूस खर्च भरून काढायच्या मागे लागतो. १४५३ मध्ये कॉन्स्टँटिनोपल पडल्यावर जिनोआने हा सगळा मुलूख संत जॉर्जच्या बँकेच्या हवाली केला, म्हणजे राज्याच्या सावकारालाच मालक केलं. १४७४ च्या आसपास तिथल्या तातार प्रमुखाच्या नेमणुकीत कफाच्या अधिकाऱ्यांनी लाच घेऊन एका विधवेच्या मुलाची बाजू घेतली असा आरोप झाला. डावलला गेलेला एमिनेक उस्मानी दरबाराकडे वळला आणि १४७५ मध्ये गेदिक अहमद पाशाच्या आरमाराने कफा घेतलं. खिओस बेटावर तर जिनोआने सत्ता भागधारकांच्या मंडळीकडेच सोपवली होती. १३४६ मध्ये ज्यांच्या पैशाने आरमार निघालं, त्यांनाच बेटाचं उत्पन्न मिळालं. ते राज्य १५६६ पर्यंत टिकलं, आणि भागधारकांना राजा होण्यापेक्षा नफ्यात रस होता.

आता पोर्तुगाल आणि गोवा. पंधराव्या शतकातल्या पोर्तुगालची पद्धत व्हेनिसच्या जवळपासही नव्हती. २१ ऑगस्ट १४१५ ला उत्तर आफ्रिकेतलं सेउता जिंकल्यावर पेद्रो द मेनेझेसला तिथे कॅप्टन नेमलं, तो १४३७ मध्ये मरेपर्यंत तिथेच होता. अटलांटिकमधली मदेइरा बेटं तर कॅप्टनांना वंशपरंपरेने दिली. फुंशाल झार्कोकडे, माशिकू त्रिश्तांव वाझकडे. त्यांना न्याय, गिरण्या, भट्ट्या, जमीनवाटप यांतून उत्पन्न मिळे आणि ते मुलाकडे जाई. हे वतनच होतं. ते बंड करून उठले नाहीत, कारण बेटं लहान होती, माणसं मूठभर होती आणि साखर विकायला लिस्बनचा रस्ता हवा होता.

हिंदुस्थानात मात्र त्यांनी हे वतन दिलं नाही. १५०५ मध्ये फ्रांसिश्कू द आल्मैद पहिला व्हाइसरॉय म्हणून निघाला तो तीन वर्षांची मुदत घेऊन. व्हेनिसची नक्कल केली असं मी म्हणणार नाही, पण अडचण तीच होती आणि अंतर कितीतरी पटींनी जास्त. क्रीटचं पत्र महिन्यात जायचं. गोव्याच्या पत्राला मान्सून सांभाळून केप ऑफ गुड होपला वळसा घालत जायला सहा महिने किंवा जास्त लागत, आणि उत्तर यायला तेवढेच. म्हणून इथला गव्हर्नर फार मोकळा होता. युद्ध, तह, नेमणुका, परवाने सगळं त्याच्याकडे. आल्मैदनंतरचा गव्हर्नर आल्बुकेर्क याने १५१० मध्ये गोवा घेतलं ते लिस्बनच्या नेमक्या आज्ञेने नव्हे, तर स्वतःच्या हिमतीवर. तरीही तो राजा झाला नाही. १५१५ मध्ये होर्मुझहून परतताना त्याला कळलं की त्याच्या जागी लोपू सुआरेश आला आहे, त्याचा विरोधक. डिसेंबरमध्ये गोवा दिसत असताना जहाजावरच तो वारला. पाच-सहा वर्षं अरबी समुद्रावर सत्ता गाजवलेला माणूस एका कागदाने बाजूला झाला, यावरून त्या कागदाची ताकद ओळखावी.

व्हेनिसकडे असलेली एक गोष्ट गोव्यात नव्हती, ती म्हणजे बरोबरीच्या अधिकाराचे सल्लागार. खजिन्यासाठी वेदोर द फझेंद नावाचा अधिकारी आला, पण त्याचे आणि गव्हर्नरचे खटके उडत राहिले. गव्हर्नर मेला तर काय, यावर लिस्बनने मोहोरबंद पत्रांचा उपाय काढला. पुढचा कोण हे बंद लिफाफ्यात लिहिलेलं असे आणि गरज पडली तरच तो उघडायचा. २४ डिसेंबर १५२४ ला वास्को द गामा कोचीनला वारला तेव्हा लिफाफा उघडला आणि गोव्याचा कॅप्टन एन्रिक द मेनेझेस गव्हर्नर झाला. १५२६ मध्ये तोही वारला. पुढच्या लिफाफ्यात पेरू माश्कारेन्यशचं नाव निघालं, तो होता मलाक्क्यात, मान्सूनच्या पलीकडे. तोवर काम पाहायला बसलेला लोपू वाझ द सांपायू माश्कारेन्यश परतल्यावर खुर्ची सोडीना. उलट त्याने माश्कारेन्यशलाच अटक केली. इथल्या पोर्तुगीजांत दोन तट पडले. क्रीटमध्ये असं होण्याला जागाच नव्हती, कारण तिथे ड्यूकची खुर्ची रिकामी झाली तरी मंडळ बसलेलंच असे.

मूळ प्रश्नात आणखी एक पोटप्रश्न होता: गोव्यात १३६३ सारखं बंड का झालं नाही? तिथेही वसाहतवाले होते. आल्बुकेर्कने आपल्या शिपायांची स्थानिक बायकांशी लग्नं लावून त्यांना वसवलं, त्यांना काझादु म्हणत. त्यांच्या हातात शहराची नगरसभा होती आणि त्या नगरसभेला गव्हर्नरला वगळून थेट राजाला पत्र लिहिण्याची वाट होती. ती वाट कोणी बंद केली नाही. गव्हर्नरांविषयीच्या तक्रारी लिस्बनला जात राहिल्या, आणि तिथून येणारा प्रत्येक नवा माणूस जुन्याच्या चौकशीचे अधिकार घेऊन उतरू शकत होता. १५२९ मध्ये नुनू द कुन्य गव्हर्नर म्हणून आला तेव्हा त्याने सांपायूला कैद केलं आणि जहाजावर चढवून पोर्तुगालला राजाच्या न्यायासनापुढे पाठवून दिलं.